शेवटच्या फुग्याचं शेपूट

सावकाश हा माणूस माझ्या भावाच्या चुकीने जन्माला आला. माझा भाऊ म्हणेल, माझ्या चुकीने. या एका गोष्टीवरून आमचं इतकी वर्षं भांडण चालू आहे की ते मिटलं तर आम्हाला करमणार नाही.

दादा कॉमिक्स काढतो, मी त्यात अक्षरं घालते. वहिनी गेली तेव्हा मी 'थोडे दिवस' म्हणून सामान उचलून त्याच्याकडे आले, ते थोडे दिवस अजून संपायचेत. आमच्या जेवणाच्या टेबलावर एक मोठा लाकडी बोर्ड कायमचा पडलेला असतो. एका बाजूला दादा बसतो, समोर मी. त्याचं पेन्सिलीचं काम झालं की तो बोर्ड गर्रकन फिरवून पान माझ्याकडे करतो आणि उठतो. मग सुरू होतो तमाशा.

कारण दादा संवाद कधीच लिहीत नाही. तो चौकटी काढतो, चौकटींत माणसं काढतो, माणसांच्या डोक्यावर बोलण्याचे रिकामे फुगे काढतो, आणि त्या फुग्यांत काय आहे ते फक्त त्याच्या डोक्यात असतं. मी टाक शाईत बुडवला की तो खोलीत येरझाऱ्या घालत एकेकाच्या आवाजात बोलायला लागतो. म्हातारी असेल तर म्हातारीच्या, पोलीस असेल तर पोलिसाच्या. शेजारची माणसं नवीन राहायला आली तेव्हा त्यांना वाटलं होतं, या घरात फार माणसं आहेत आणि सगळी भांडखोर आहेत.

तर ती चूक. इमारतीला आग लागलेली. जिन्याखाली एक लहान मुलगी अडकलेली. मागच्या खिडकीतून प्रखर आत झेपावतोय. प्रखर म्हणजे आमचा नायक, छाती पुढे, आगीतसुद्धा भांग जागच्या जागी. आणि मुलीजवळ वाकून उभा असलेला लांब कोटातला एक हडकुळा माणूस, आग लावायला भाड्याने आणलेला, पुढच्या पानावर मार खाऊन संपणारा. प्रखरने म्हणायचं होतं, 'घाबरू नकोस. मी आहे ना.' फुग्याचं शेपूट, म्हणजे कोण बोलतंय हे दाखवणारं ते निमुळतं टोक, जायला हवं होतं खिडकीकडे. ते गेलं कोटवाल्याकडे. माझं म्हणणं, दादाने पेन्सिलीनेच तसं काढलं होतं. दादाचं म्हणणं, मी शाई करताना डुलक्या घेत होते. पेन्सिल कधीच खोडून झाली, त्यामुळे पुरावा कुणाकडेच नाही.

अंक बाजारात गेला आणि संपादकांचा फोन आला. "अहो, हा कोटवाला कोण? पोरांनी विचारून विचारून जीव खाल्लाय. रात्री दिवा मालवू देत नाहीत म्हणे." दादाने ते पान काढून टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मुंगे, मलापण भीती वाटली गं."

मुंगी हे नाव त्याचंच. लहानपणी मी कडकडून चावायचे म्हणून ठेवलेलं. पुढे माझं बारीक अक्षर बघून लोकांना वाटायला लागलं की ते त्यावरून पडलंय, आणि मी त्यांना तसंच वाटू दिलं.

आमच्याकडे त्याआधी खलनायक काय कमी झाले होते? लोखंडी जबड्याचे झाले, तीन डोळ्यांचे झाले, एकाच्या तर तोंडातून वाफ यायची. सगळे बेंबीच्या देठापासून ओरडायचे आणि सगळ्यांना जग जिंकायचं असायचं. जिंकून त्याचं करणार काय, हे एकालाही धड सांगता यायचं नाही. मुलं त्यांना बघून हसायची. त्या कोटवाल्याला आम्ही सावकाश नाव दिलं, आणि त्याला कुणी हसलं नाही. तो ओरडत नाही. त्याच्याकडे हत्यार नाही. तो तुमच्या घरी येतो, खुर्ची ओढून घेतो, तुमच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करतो, आणि मागच्या वेळी कोणता गुडघा दुखत होता हे त्याच्या लक्षात असतं. खोटं तर तो एकदाही बोललेला नाही. एका अंकात तो एका म्हाताऱ्या तिजोरीवाल्याशी रोज संध्याकाळी नुसता गप्पा मारत बसतो. किल्ल्या मागत नाही. शेवटी तो म्हाताराच किल्ल्या त्याच्या हातात ठेवतो आणि वर विचारतो, "उद्या याल ना?"

वाचणाऱ्याला धडकी भरायची ती याने. तो वाईट आहे म्हणून नव्हे, तो आपल्या दारात आला तर आपणही खुर्ची पुढे करू, हे मनातल्या मनात कळायचं म्हणून. प्रखर वाचवतो आणि उडून जातो, त्याला पुढच्या चौकटीत दुसरीकडे जायचं असतं. सावकाश जात नाही. 'मी आहे ना' म्हणाला की तो खरोखरच असतो. माझ्या मते त्याच्यासारखं भयंकर आमच्या हातून दुसरं काही झालं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्याइतकं हवंहवंसंही.

त्याचा आवाज काढताना दादा येरझाऱ्या थांबवायचा. खिडकीपाशी उभा राहून इतक्या हळू बोलायचा की ऐकण्यासाठी मला टाक उचलून धरावा लागे. मग मीही त्याची अक्षरं बारीक काढायला लागले. फुगा भलामोठा, मधे मुंगीएवढे दोन शब्द, आणि भोवती नुसता पांढरा कागद. पोरं त्या पांढऱ्याला घाबरायची.

आणि ते वाक्य तरी कुठलं? शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकापाशी मी भोकाड पसरलं होतं, तेव्हा दादा मला म्हणाला होता, "घाबरू नकोस मुंगे, मी आहे ना." आणि घंटा झाल्याबरोबर त्याने जी धूम ठोकली ती थेट स्वतःच्या वर्गात. हे मी त्याला अजून ऐकवते. तो म्हणतो, मग काय तुझ्या बाकावर बसायला हवं होतं? हो, बसायला हवं होतं.

यंदा मासिक बंद करायचं ठरलं. संपादकांनी स्वतः घरी येऊन सांगितलं, आमच्यापेक्षा त्यांचेच डोळे जास्त भरले होते. शेवटच्या अंकाची सगळी पानं झाली, एकच राहिलं, शेवटचं. त्यात एकच मोठी चौकट. प्रखर म्हातारा झालाय, आजारी आहे, पलंगावर पडलाय, आणि भांग पहिल्यांदाच विस्कटलाय. पलंगाशेजारी खुर्ची ओढून सावकाश बसलाय. वर एक भलामोठा रिकामा फुगा. शेपूट नाही, कारण त्या आगीच्या पानापासून आमच्या घरात नियमच झाला होता: आधी दादा बोलणार, मग मी लिहिणार, मग तो आपल्या हाताने शेपूट काढणार. म्हणजे तंटा नको.

"काय म्हणतो रे?" मी विचारलं होतं. "मारतो की काय त्याला?"

"शाई घेशील तेव्हा सांगेन," दादा म्हणाला. "आत्ता चहा कर."

मी चहा केला. कप त्याच्यापुढे ठेवला. कप उचलता उचलता तो काहीतरी बोलला, जिभेवर ओला बोळा ठेवल्यासारखं, एकही शब्द न लागणारं. मी हसले. मला वाटलं, नवा माणूस आणलाय. "हा कोण आता?" मी विचारलं. "बरा जमलाय." मग त्याच्या उजव्या हातातून कप निसटला आणि मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

डॉक्टर पुढे म्हणाले, तेवढ्या मिनिटाने काही फरक पडला नसता. त्यांचं भलं होवो.

अर्धांगाच्या झटक्यातून दादा वाचला. घरी आला, काठी धरून चालायला लागला. उजवा हात मांडीवर पडून राहायचा. त्याला सगळं समजायचं, कोण आलं, कोण गेलं, मी आमटीत मीठ विसरले, सगळं. बोलता मात्र येईना. तोंड उघडायचा, "ते... ते..." म्हणायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. ज्या माणसाच्या तोंडात एवढी माणसं राहायची, त्याच्या तोंडात आता कुणीच नव्हतं. घर इतकं गप्प झालं की शेजारीण विचारायला आली, सगळं ठीक आहे ना.

त्याच्या पलंगाशेजारी मी खुर्ची ओढून बसायचे. एकदा सहज मान वर केली तर समोर टेबलावर ते पान, आणि त्यात अगदी तस्संच बसलेला सावकाश. मी उठून पानावर वर्तमानपत्र टाकलं.

संपादकांचा फोन आला. "ताई, माझाही जीव तुटतोय. पण छापखाना थांबणार नाही. आमच्याकडे एक हुशार मुलगा आहे, तो शेवटचा संवाद लिहील. अक्षरं कॉम्प्युटरवर टाकू."

"त्याला म्हणावं, आधी मिसरूड फुटू दे," मी म्हणाले. "फुग्यात काय आहे ते दादाला ठाऊक आहे. तो सांगेल."

असं ठणकावून मी फोन ठेवला. पण सांगेल की नाही, ते मला ठाऊक नव्हतं. आणि मला त्या फुग्याचं तरी काय पडलं होतं? माझा भाऊ परत माझ्याशी बोलणार की नाही, एवढंच मला हवं होतं.

बोलायला शिकवायला एक थेरपिस्ट मुलगी यायची. गोड होती, दादाला काका आणि मला मावशी म्हणायची. ती चित्रांची कार्डं आणायची: कप, किल्ली, गाय. दादा गाईकडे असा बघायचा, जशी काही तिने त्याच्या घरात घाण केली. शेवटी एकदा डाव्या हाताने पेन्सिल घेऊन त्याने गाईचा मागचा पाय दुरुस्त केला, तेव्हा कुठे त्याचा जीव थंड झाला. नाव मात्र सांगता आलं नाही.

"मावशी, जे जिभेला पाठ झालंय ते आधी येतं," ती म्हणायची. "गाणी म्हणून बघा. आकडे. शिव्यासुद्धा चालतील." मी गाणी म्हणून बघितली. त्याने कान झाकला, जो एक हात चालत होता त्याने. शिव्या मी दिल्या, त्याला हसू आलं. प्रखरचे संवाद अर्धे म्हणून सोडले, की पुढचं तो पुरं करील. "थांब, अंधाराच्या सम्राटा..." काही नाही. आता तो तरी काय करणार, प्रखरचं बोलणं मलासुद्धा कधी पाठ झालं नाही.

मग एका दुपारी त्याचा संयम सुटला. किल्लीचं कार्ड समोर धरलं होतं, शब्द ओठांवर आला आणि तिथेच अडकला. त्याने डाव्या हाताचा फटका मारून सगळी कार्डं खाली उडवली. ती मुलगी दचकली. गुडघ्यांवर बसून, मान खाली घालून कार्डं गोळा करायला लागली. मी दादाला झापणार, तेवढ्यात तिच्या डोक्यावरून तो आवाज आला. हळू, स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता:

"घाबरू नकोस. मी आहे ना."

त्या पोरीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. कार्डं छातीशी धरून ती तशीच टेबलाखालून वर बघत राहिली. "मावशी," ती म्हणाली, "हा सावकाश आहे?"

"तू वाचायचीस?"

"मी आठवीपर्यंत पलंगाखाली बघून झोपायचे." मग तिलाच हसू फुटलं, आणि दादाही हसला, अर्ध्या तोंडाने. मी मोरीत जाऊन रडून आले.

पुढचे काही दिवस आमच्या घरात सावकाशच होता. दुसरं कुणी नाही, दुसरं वाक्य नाही. दूधवाला आला, "घाबरू नकोस. मी आहे ना." डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, त्यांनाही तेच. गॅसवाला सिलिंडर खाली ठेवून पैसे न घेताच गेला. संपादकांना मी फोनवर दादाचा आवाज ऐकवला, तर पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ ते नुसते "अरे बाप रे" म्हणत होते. मी हसून हसून बेजार झाले होते. प्रत्येकाला रंगवून सांगत होते.

थेरपिस्ट मुलीने मात्र मला दारापाशी गाठलं. "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. पण हे वाक्य काका म्हणत नाहीयेत, ते आपोआप येतंय. इतकी वर्षं तोंडात घोळलेलं, ते एका दमात बाहेर पडतं. त्यांना तेच म्हणायचं असेल असं नाही."

"मग त्याला म्हणायचं असलं की कसं कळणार?"

"ते असं सरळ येणार नाही. एकेक शब्द उचलून आणावा लागेल त्यांना. अडखळतील, दमतील. अडखळले की आनंद माना."

ती गेली आणि माझ्या हसण्यातली हवाच गेली. रोज सकाळी मी उशी सरळ करताना तो माझ्याकडे बघून तेच म्हणायचा, त्याच आवाजात, आणि मला कळायचं नाही, हे मला म्हणतोय की हे नुसतं वाजतंय. ते वाक्य ऐकून पोरांना भीती का वाटायची, ते इतक्या वर्षांनी मला कळलं. शब्द मायेचे, आणि आत कोण आहे याचा पत्ता नाही.

छापखान्याचा दिवस आला. दुपारी संपादकांचा माणूस पान न्यायला येणार होता. मी वर्तमानपत्र उचललं, बोर्ड पुसला, दादाला धरून त्याच्या जागेवर बसवलं आणि समोर माझ्या जागेवर बसले. टाक शाईत बुडवला.

"दादा, शाई घेतलीय. काय म्हणतो तो?"

"घाबरू नकोस. मी आहे ना."

"ते नाही रे. ते तू दूधवाल्यालापण म्हणतोस." मी टाक खाली ठेवला. आवाज चढला माझा, चढायला नको होता. "मला कळत नाही दादा, कोण बोलतंय ते. तू आहेस का आत? की तुला सोडून तोच राहायला आलाय? प्रखरला मारायचंय का, वाचवायचंय का, मला काही घेणं नाही. मला फक्त कोण बोलतंय ते सांग."

मी डोळे पुसले आणि टाक परत उचलला. म्हटलं, तेच तर तेच. भल्यामोठ्या फुग्याच्या मधोमध, माझ्या सगळ्यात बारीक अक्षरात, मी ते वाक्य लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग नियमाप्रमाणे बोर्ड फिरवून पान त्याच्याकडे केलं. बोर्डाची कड त्याच्या छातीला टेकली.

"घे. काढ शेपूट."

त्याने डाव्या हाताने पेन्सिल धरली, लहान मूल धरतं तशी मुठीत. टोक फुग्याला लावलं. रेघ खाली यायला लागली, थरथरत. मला वाटलं, सावकाशच्या तोंडाशी थांबेल. ती त्याच्या कानाजवळून पुढे गेली. मग वाटलं, प्रखर! प्रखर बोलतोय! पण ती पलंगालाही ओलांडून गेली. चौकटीची कड ओलांडली.

"दादा, चुकतंय," मी म्हणाले. सवयीने.

तो थांबला नाही. रेघ पानाच्या पांढऱ्या पट्टीतून उतरली, कागदाच्या कडेवरून घसरून बोर्डाच्या लाकडावर आली, आणि लाकडावरून ओबडधोबड पुढे सरकत त्याच्या शर्टाच्या बटणाशी येऊन थांबली. तिथे पेन्सिलीचं टोक मोडलं.

त्याने वर बघितलं. कपाळावर घाम आला होता. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. सावकाशचा आवाज नव्हता तो. कुणाचाच काढलेला आवाज नव्हता. फाटका, घोगरा, त्याचा स्वतःचा.

"मुं..." तो म्हणाला. "मुंगे."

मी टेबलावरून पुढे वाकले.

"मी." ओठ हलत होते. मान पुढे काढून, जड पेटी ढकलत आणावी तसा त्याने पुढचा शब्द आणला. "आ... आहे."

'ना' काही आला नाही. नसेना का. मी टेबलाला वळसा घालून गेले आणि त्याला धरून ठेवलं. तो दमून माझ्या खांद्यावर टेकला होता, आणि त्याचा चालणारा हात माझ्या पाठीवर थोपटत होता.

शेपूट मी जसंच्या तसं शाईने पक्कं केलं, कागदाच्या कडेपर्यंत. थरथरसुद्धा सरळ केली नाही. माणूस आला आणि पान घेऊन गेला.

अंक निघाला आणि संपादकांचा फोन आला. ते इतके उत्तेजित झाले होते की त्यांना दम लागला होता. "ताई, लोक वेडे झालेत! शेपूट पानाच्या खाली, म्हणजे हातात अंक धरलेल्याच्या छातीवर! सावकाश बोलत नाहीये, प्रखर बोलत नाहीये, मग बोलतंय कोण? एका बाईंनी तर अंक कपाटात कुलूपबंद करून ठेवलाय. आजवर इतकं भयंकर पान कुणी काढलं नसेल. काय डोकं आहे हो तुमच्या दादाचं!"

"आहेच," मी म्हणाले.

दादाला सगळं सांगितलं तेव्हा तो अर्ध्या तोंडाने हसला, आणि बराच वेळ झगडून म्हणाला, "शे... पूट. तू. चुकवलंस." भांडण अजून चालू आहे तर. मी म्हटलं, मुळीच नाही, पुरावा आहे या वेळी. कारण तो माणूस पान घेऊन गेल्यावर बोर्डावर उरलेली ती पेन्सिलीची रेघ, कागदाच्या जागेपासून दादाच्या छातीपर्यंतची, मी पुसली नव्हती. टाक घेऊन तिच्यावरही शाई फिरवली होती.